छत्तीस फोटो की बारा

मुलीला कॅमेरा घ्यायचा आहे. तिने दोन कॅमेऱ्यांची माहिती मोबाईलवर पाठवली आणि खाली लिहिलं, 'बाबा, लहान सेन्सरचा घेऊ की मोठ्या, फुल फ्रेमचा? तुम्ही आकड्यांत बघून सांगा.' आकड्यांत बघून सांगणं मला अवघड नाही. पण मी अजून उत्तर दिलेलं नाही. हाच प्रश्न मी एकदा सोडवला होता. तेव्हा सेन्सर नव्हते, रोल होते. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल.

आम्ही काष्टीला राहत होतो. मी जमीन मोजणी खात्यात होतो आणि रोज श्रीगोंद्याला जाऊन-येऊन नोकरी करायचो. घरात आई, बायको आणि माझी धाकटी बहीण. वडील आधीच गेले होते. त्या वर्षी बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा जबलपूरला कारखान्यात नोकरीला. माणसं चांगली, स्थळ चांगलं, फक्त अंतर वाईट. वर्षा-दोन वर्षांनी एकदा तिचं येणं होणार, हे सगळ्यांना कळत होतं.

त्याच सुमारास नगरच्या डॉक्टरांनी आईला काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत यायची नाही. थेंब नेमाने टाकले तर उरलेली काही काळ टिकेल, पण किती काळ ते सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. आईने दवाखान्यात एकही प्रश्न विचारला नाही. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी मला एकटा बघून म्हणाली, "पोरगी लांब चालली. मला तिचं तोंड दिसत ऱ्हायला पायजे. नजर हाय तवर. तेवढा एक फोटो कर."

आईने माझ्याकडे काही मागितल्याचं त्याआधी मला आठवत नाही.

नगरला ओळखीचा एक स्टुडिओवाला होता. त्याच्याकडे दोन जुने कॅमेरे विकायला होते आणि दोन्हींची किंमत जवळजवळ सारखीच होती. एक लहान, डोळ्याला लावून बघायचा. त्याच्या रोलमध्ये छत्तीस फोटो निघत. दुसरा म्हणजे उभी पेटी. पुढे एकावर एक दोन भिंगं, वर काच. पेटी गळ्यात अडकवायची आणि मान खाली घालून काचेत बघायचं. त्यात डावीकडचं उजवीकडे दिसे. रोलमध्ये फोटो फक्त बारा, चौकोनी.

स्टुडिओवाल्याने मला लहानच घ्यायला सांगितला. घरगुती माणसाला छत्तीस बरे, दोन-चार बिघडले तरी चालतात, असं त्याचं म्हणणं. मी दोन्हींच्या निगेटिव्ह मागून घेतल्या आणि पट्टीने मोजल्या. एक चोवीस बाय छत्तीस मिलिमीटर, म्हणजे आठशे चौसष्ट चौरस मिलिमीटर. दुसरी छप्पन्न बाय छप्पन्न, म्हणजे तीन हजार एकशे छत्तीस. साडेतीनपटीहून जास्त. आईसाठी मला पंधरा इंची चौकोनी फोटो करायचा होता. मोठी निगेटिव्ह त्यासाठी सातपट वाढवावी लागणार होती आणि लहान जवळजवळ सोळापट. सोळापट वाढवल्यावर चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे येतात, हे स्टुडिओवाल्यानेही कबूल केलं. नकाशांबरोबर काम करणाऱ्या माणसाला यापुढे काही पटवावं लागत नाही. ज्याला नीट दिसत नाही त्याला मोठं काढून द्यायचं.

मी पेटी घेऊन घरी आलो. बायकोने ती उलटसुलट करून बघितली आणि उद्या घरात मूलबाळ झाल्यावर त्यालाही बाराच फोटोंत मोठं करणार का, असं विचारलं. बहीण तर दिवसभर चिडवायची थांबली नाही.

"दादा, माझं लगीन बारा फोटोत उरकायचं व्हय? मग वऱ्हाड किती आणायचं तेवढं त्यांना कळवून टाक."

लग्नाच्या दिवशी सकाळी, अजून पाहुणे यायचे होते, तेव्हा मी तिला पूर्वेच्या दाराच्या उंबऱ्यावर बसवलं. कोवळं ऊन होतं. लग्नातल्या पांढऱ्या साडीत, भर उन्हात चेहरा काळा येईल, ही भीती मला स्टुडिओवाल्याने घातली होती, म्हणून फोटो साध्या साडीतच काढायचा ठरवलं होतं. मी अंगणात उभा राहून काचेत बघत होतो. ती जरा डावीकडे दिसली म्हणून मी पेटी डावीकडे वळवली, तर ती काचेतून निघूनच गेली.

"दादा, मी हिकडं हाय," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसू ओसरल्यावर ओठ मिटले, पण डोळ्यांत ते अजून होतं. तेव्हा मी बटण दाबलं.

उरलेले अकरा विहारातल्या वंदनेत, हार घालताना, जेवणाच्या पंगतीत संपले. नवरीचा भाऊ म्हणून मला शंभर हाका होत्या. रोल बदलायला सवड झाली नाही. संध्याकाळी काष्टी स्टेशनावर तिला गाडीत बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा ती खिडकीच्या गजाला गाल लावून आईला शोधत होती आणि आई दुसऱ्याच डब्याकडे हात हलवत होती. त्याचा फोटो नाही. लहान कॅमेऱ्यात तेव्हा चोवीस फोटो शिल्लक असते. मला ती खिडकी अजून दिसते, पण दुसऱ्या कुणाला दाखवता येत नाही.

पंधरा इंची फोटो पंधरवड्याने आला. फोटो उत्कृष्ट होता, हे मी आजही म्हणेन. भुवयांचे केस सुटे मोजता यावेत, कानातल्या फुलाचा खडा वेगळा दिसावा. बायकोनेही तो उजेडात नेऊन दोनदा बघितला. मी तो आईच्या मांडीवर ठेवला. तिने दोन्ही हातांनी धरून जवळ घेतला. मग तिची मान हळूहळू फिरायला लागली, वरून खाली, परत वर, एखाद्या भिंतीत खिळा कुठे आहे ते शोधावं तशी.

"डोळा हाय," ती म्हणाली. "ह्यो कान. तोंड कुटं हाय रं?"

मी म्हणालो, आई, तोंडच आहे ते सगळं. तिने हाताची मूठ पोकळ करून डोळ्याला लावली.

"आरं, मला फुकणीतून बघितल्यागत दिसतंय. फुकणीत जेवडं मावंल तेवडं चांगलं दिसतंय. बाकीचं न्हाईच."

चुलीतला जाळ फुंकायची लोखंडी फुकणी. मी तिथेच बसलो. आई सुईत दोरा एका फटक्यात ओवायची आणि दारात बांधलेल्या वासरावर जाऊन धडकायची. तांदळातला बारीक खडा तिला दिसायचा आणि शेजारी ठेवलेला तांब्या लवंडायचा. हे मी महिनोन्महिने बघत होतो. मला फक्त इतकंच कळलं होतं की आईला कमी दिसतं. कसं कमी दिसतं, हे मी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय सांगायची आईला सवय नव्हती.

फोटोच्या पाकिटात निगेटिव्हएवढे छोटे बारा चौकोन छापलेला एक कागदही होता. त्यातला पहिला चौकोन मी कापून तिच्या हातात दिला. तिने हात लांब केला आणि तिची मान थांबली. "हां," ती म्हणाली. सहा सेंटिमीटरही नव्हता तो. म्हणजे लहान कॅमेऱ्याचे साधे पोस्टकार्ड फोटो तिला पुरले असते, आणि तेही एकाऐवजी छत्तीस चेहरे. मी मोठा फोटो उचलून कपाटाच्या मागे ठेवायला निघालो.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "लाव भिंतीला."

मी समोरच्या भिंतीला लावला. ती उठली आणि फोटोकडे तोंड करून मागे-मागे सरकत गेली. मी हात धरायला गेलो तर झिडकारला. पाठ दाराला टेकली तेव्हा ती थांबली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तिथून तिला सगळा चेहरा दिसत होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

तेव्हापासून तिची बसायची जागा दाराशी झाली. लहान चौकोन तिने डबीत जपून ठेवला होता, पण तो क्वचितच काढायची. बायकोने एकदा विचारलं की हातातला बरा दिसतो ना, मग एवढ्या लांबून कशाला बघता. आई म्हणाली, हातातला फोटो वाटतो. लांबून बघितलं की पोरगीच तिथं बसल्यागत वाटते. यावर बायकोने दाराशी तिची बसायची जागा जरा सारवून सपाट करून दिली.

थेंब चालू होते तरी फुकणी बारीक होत गेली. पुढच्या उन्हाळ्यात दारातून बघताना तिच्यात चेहरा मावेनासा झाला. आधी केस जायचे, मग हनुवटी. आई ओट्यावर आली, मग ओट्यावरून अंगणात. आम्ही दार दिवसभर सताड उघडं ठेवायला लागलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, म्हातारी घराची राखण करते आहे. ती आपल्या मुलीला पूर्ण बघण्यासाठी तिच्यापासून लांब-लांब जात होती.

बहीण दोन वर्षांनी आली. मी तिला स्टेशनावरून आणलं. आई अंगणात बाजेवर बसली होती. बहिणीने फाटकातूनच "आई" म्हणून हाक मारली आणि पिशवी माझ्याकडे टाकून धावत निघाली. आईने हाताचा पंजा वर केला.

"थांब. हितं येऊ नगंस. तिथंच ऱ्हा जरा."

बहीण फाटकाजवळ थबकली. माझ्याकडे बघितलं. मी पत्रांतून तिला डोळ्यांचं कळवलं होतं, पण हे कळवलं नव्हतं.

"आई, मी काय फोटो हाय का?"

"फोटो आसतीस तर गप बसली आसतीस. पदर मागं घे."

तिने पदर मागे घेतला. आई बघत राहिली. तिची मान अगदी स्थिर होती. बहिणीचा चेहरा आधी हसरा होता, मग तो हसरा ठेवणं तिला जड जायला लागलं, पण ती हलली नाही. फाटकापासून बाजेपर्यंतचं अंगण मोकळं पडलं होतं आणि मी पिशवी धरून कडेला उभा होतो.

"वाळलीस," आई म्हणाली. "बरं. आता ये."

बहीण पळत आली आणि तिच्या पुढ्यात जमिनीवरच बसली. ती इतक्या जवळ आल्यावर आईने डोळे मिटून घेतले आणि दोन्ही हात तिच्या चेहऱ्यावर ठेवले.