पत्र्यावरचा श्री

मला घाण बघवत नाही. बायको याला रोग म्हणते. दुबईत अल क्वोजमधल्या ज्या गोदामाची देखभाल माझ्याकडे आहे, तिथे हा रोग घेऊन वावरणं धोक्याचंच. आमच्या मालकाने जमवलेल्या जुन्या गाड्या तिथे आहेत आणि त्यांच्या आतली घाण जपून ठेवायची असते. फोटो काढल्याशिवाय आणि त्याला विचारल्याशिवाय आत फडका लावायचा नाही, असं मालकाने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. गाडी कुठे धावली, कुणी उघडली, काय मोडलं, हे सगळं त्या मळावरून कळतं म्हणे.

त्यात एक होडीसारखी लांबलचक गाडी आहे. साठेक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका छोट्या वर्कशॉपने ती वेगाचा विक्रम मोडण्यासाठी बांधली, मिठाच्या सपाट मैदानावर नेली, आणि पहिल्याच धावेत तिच्या इंजिनाने मान टाकली. विक्रम झाला नाही, त्यामुळे नावही झालं नाही. तरी दर शनिवारी सकाळी पाचसहा शौकीन आमच्याकडे जमतात. एक निवृत्त वैमानिक, एक दातांचा डॉक्टर, असे. करक चहाचे कप हातात घेऊन ते त्या धावेबद्दल अशा तावातावाने बोलतात, की जणू कालच हरलेली क्रिकेटची मॅच. मला गंमत वाटायची.

गेल्या दसऱ्याला मालक परदेशी होता. इथे वीस वर्षं काढली, पण दसऱ्याला यंत्रांची पूजा केल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमचे वडील त्या दिवशी स्कूटरचा पार्ट न् पार्ट घासायचे. मळक्या यंत्राला कुंकू लावायचं नसतं, हे माझ्या अंगात मुरलेलं. त्या लांब गाडीचं डावीकडचं झाकण तपासणीसाठी काढून भिंतीला टेकवलं होतं, आतली बाजू बाहेर. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तेलाचे ओघळ होते, पेन्सिलीच्या रेघोट्या होत्या, काही इंग्रजी आकडे होते. आणि वरच्या कोपऱ्यात, अगदी ठळक, श्री.

माझं डोकंच फिरलं. आपल्याच कुणा फिटरचा आगाऊपणा! वहीच्या पहिल्या पानावर काढतात तसा लाखमोलाच्या गाडीवर श्री काढून ठेवला. मालकाने बघितला तर सगळ्या इंडियन स्टाफची खरडपट्टी निघेल, आधी माझी. फोटो नाही, फोन नाही. थिनर घेतलं आणि आधी श्री पुसला, मग हात लागलाच आहे म्हणून अख्खं झाकण लख्ख केलं. कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. फार समाधान वाटलं.

तीन आठवड्यांनी ऊद मेथाच्या एका हॉलमध्ये आम्हा मराठी लोकांचा दिवाळी फराळ होता. तिथे एक म्हातारे गृहस्थ भेटले, वय चौऱ्याऐंशी. पुण्याचे, पत्नी गेल्यापासून मुलाकडे दुबईला राहणारे. सोबत कॉलेजात शिकणारी नात. मी कुठे काम करतो ते कळल्यावर त्यांनी चकलीची बशी खालीच ठेवली.

"ती लांब गाडी तुमच्याकडे आहे? अरे, मी बांधलीय ती! बाविसाव्या वर्षी इंग्लंडला फिटर होतो मी."

"आजोबा, प्लीज," नात म्हणाली, आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसली. "ही टेल्स एव्हरीवन."

"घरात कुणी विश्वास ठेवत नाही," काका म्हणाले. "ना कागद, ना फोटो. पण त्या गाडीत मी माझ्या हाताने एक खूण करून ठेवलीय. आपल्या लिपीत! काय ते आत्ता सांगत नाही. सगळ्यांसमोर दाखवीन."

'श्री ना, काका?' एवढंच मी म्हणायला हवं होतं. त्यांनी न सांगता ते अक्षर माझ्या तोंडून आलं असतं, तर त्या मुलीसमोर तिथल्या तिथे आजोबा खरे ठरले असते. मी काय म्हणालो? "या ना शनिवारी." मला माझी नोकरी दिसत होती, नोकरीवरचा व्हिसा दिसत होता, मुलाचं बारावीचं वर्ष दिसत होतं. ते सगळं खरंच होतं. पण त्या क्षणी मी भित्रा होतो, हे त्याहून खरं होतं.

शनिवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून नातीबरोबर आले. मालक हजर होता, शौकीन हजर होते. काकांनी सगळं आधीच सांगून टाकलं: डावं झाकण, आतली बाजू, वरचा कोपरा, कामाला हात लावण्याआधी पेन्सिलीने काढलेला श्री. माझ्याकडे बघून म्हणाले, "यांना समजेल. आपण कुठलंही काम असंच सुरू करतो." वैमानिकाने टॉर्च धरला. मी झाकण उलटं केलं. पत्रा आरशासारखा चमकत होता. झाकण मालक परदेशी असताना उघडलेलं, त्यामुळे पत्रा आधी कसा होता हे त्याला ठाऊकच नव्हतं.

काकांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या कोपऱ्यावरून. मग उजवं झाकण बघू म्हणाले. मी तेही आणलं, कोरं आहे हे माहीत असून. वीस मिनिटं ते शोधत होते आणि वीस मिनिटं मी गप्प होतो.

"नो प्रॉब्लेम, हबीबी," मालक मऊ आवाजात म्हणाला. "चाय पिओ. बहुत टाइम हो गया."

"दुसरी गाडी असेल," काका पुटपुटले. नातीने त्यांचा हात धरला. इतका वेळ ती थट्टा करत होती. आता तिने थट्टा केली नाही, ते मला जास्त लागलं.

दोन महिने मी स्वतःची समजूत घालत राहिलो. मग एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दार नातीने उघडलं. आजोबा हल्ली गाडीबद्दल बोलतच नाहीत, असं तिने हळू आवाजात सांगितलं. "काल बाबाला विचारत होते, मी खरंच इंग्लंडला होतो ना? वी आर टेकिंग हिम टू अ न्यूरोलॉजिस्ट."

मी तिच्यादेखत काकांसमोर बसलो आणि सगळं ओकून टाकलं. दसरा, थिनर, कोपरा, श्री. काका लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, आता चिडतील, चार शिव्या घालतील. त्यासाठीच मी गेलो होतो.

"कोपरा, पेन्सिल, श्री... हे सगळं त्या दिवशी मीच बोललो होतो रे," ते म्हणाले. मी आठवून बघितलं. त्यांनी न सांगितलेलं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

"मालकाला सांगितलंस हे?"

"नाही अजून."

"बघ. खरं असतं तर आधी त्याला सांगितलं असतंस." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तुझं मन मोठं आहे. म्हाताऱ्यासाठी एवढं रचून आलास. पण नको. डोकं जातंय माझं, ते कळतंय मला."

मी शपथ घेतली, आवाज चढवला. ते हसून मान हलवत राहिले. मग त्यांची औषधाची वेळ झाली.

नात मला लिफ्टपर्यंत सोडायला आली. तिचे डोळे भरले होते. "थँक यू, अंकल," ती म्हणाली. "दॅट वॉज रिअली काइंड ऑफ यू."

लिफ्टचं दार उघडलं. मी "वेलकम, बेटा" म्हणालो आणि आत शिरलो.