मारकी म्हैस

परवा उचगावात एका गोठ्यापाशी भिजवलेल्या सरकी पेंडीचा आंबूस वास आला आणि पस्तीसेक वर्षांपूर्वीची आमची गंगी डोळ्यांपुढं उभी राहिली.

गंगी म्हणजे माझ्या काकीची म्हैस. इतकी गरीब, की शाळेतून आले की मी तिच्या पोटाला टेकून चिंचा खात बसायचे. पण गल्लीत तिचं नाव मारकी म्हणून झालेलं. काकीचा डोळा काळानिळा झाला, की गंगीनं शिंग मारलेलं असायचं. हात सुजला, की लाथ घातलेली असायची. डेअरीत दूध घालायला गेलं की बायका विचारायच्या, "काय गं, परत म्हशीनं मारलं?"

"व्हय की," काकी पदर पुढं ओढायची. काकांचं ओरडणं त्या सगळ्यांच्या घरापर्यंत ऐकू जायचं, तरी बायका माना हलवायच्या.

शेवटी काकांनीच गंगीला विकलं. चारचौघांत म्हणाले, "बाईमाणसाला मारती, कशाला ठेवायची असली?" घेणारा दावं ओढत होता, गंगी मागं वळून काकीचा हात चाटत होती आणि काकी हुंदके देत होती. मला वाटलं, म्हशीसाठीच रडतीय.

काही दिवसांनी चहापुरतं दूध विकत आणायला काकीबरोबर मी डेअरीत गेले. तिचा ओठ फुटला होता. रांगेतल्या कुणीच काही विचारलं नाही. काकीनंच सवयीनं पदर पुढं ओढला, "म्हशीनं..." म्हणाली आणि तिथंच थांबली.

बायका आपापल्या किटलीत बघत राहिल्या.