नाही म्हटलं की बसा

सप्टेंबर लागला की आमच्या बाथ गावातल्या चांगल्या शहाण्या माणसांना वेड लागतं. पोस्टातली बाई हनुवटीखाली टोपीची रिबन बांधून बसची वाट बघते, खाटीक गुडघ्यापर्यंतची तंग विजार घालून मटण तोडतो, आणि कुणाला काही वाटत नाही. हे सगळं बाईंसाठी. दोनशे वर्षांपूर्वी इथं राहून गेलेल्या आमच्या कादंबरीवाल्या बाई. आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो, नाव घ्यावं लागत नाही.

या वेड्यांची म्होरकी म्हणजे माझी शेजारीण, बेरिल चिव्हर्स. शाळेसमोर गोल पाटी धरून गाड्या थांबवायची आणि पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा, ही तिची नोकरी. उरलेला दिवस बाईंचा. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही पातळ. थंडीत बाईंची कादंबरी वाचता वाचता बेरिल ती ठोकून ओरडते, "नॉरीन, ऐक गं! तो बावळट परत मागणी घालतोय!" दर वर्षी तोच बावळट, तीच मागणी, आणि दर वर्षी ही हसून हसून खोकते. मी म्हणते, "अगं, तुला पाठ आहे ना ते?" तर म्हणते, "पाठ आहे म्हणून तर मजा!" गावातलं कुठलंही माणूस दिसलं की हिचा निकाल तयार. हा वरून गोड, आतून पैशावर डोळा. ही मुलींची लग्नं लावता लावता मरणार. आणि मेली खरी ठरते हो!

फक्त लेन ओटवेचा निकाल तिला लावता येईना. लेन आमचा प्लंबर, विधुर, बोलणं बेतास बात. बेरिलचा बॉयलर बिघडलेला नसतानाही येऊन तपासून जायचा. आमच्या वाचनमंडळाच्या नाचालाही दर वर्षी यायचा, पण चहाच्या टेबलामागे उभा राहून कप भरत बसायचा. बेरिलला कधी नाचायला विचारलं नाही त्यानं. आणि गेल्या वर्षी तर त्याच्या मुलीनं त्याला लांब ॲबरडीनला कायमचं बोलावलेलं. नाच शनिवारी, गाडी सोमवारी.

बेरिलनं दिवाणखान्याचे हिरवे पडदे काढून झगा शिवला. तयार होताना म्हणाली, "आज त्यानं विचारलं नाही ना नॉरीन, तर मीच विचारीन."

"बायकांनी विचारायचं नाही. नियम तुझाच आहे, बये."

तिनं तोंड वाकडं केलं. नियम सगळे तिचेच होते, बाईंच्या काळातले शोधून काढलेले. त्यातला सगळ्यात जाचक हा: एका पुरुषाला नाचायला नाही म्हटलं, की त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाबरोबरही नाचायचं नाही. गुपचूप बसून राहायचं. त्याच्या आदल्या वर्षी बेकरीवाल्याच्या सुनेला हिनं असंच बसवलं होतं. पोरगी रडकुंडीला आली, पण हिला दया नाही.

सभागृहात पाऊल टाकतोय न टाकतोय तोच मिस्टर फ्रिप समोर. निवृत्त दंतवैद्य. नाचताना बायकांची बोटं तुडवतात आणि वर अक्कलदाढेवर बोलतात. वाजंत्र्यांनी व्हायोलिनं पेटीतून काढलीसुद्धा नव्हती. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!

"मिस चिव्हर्स, पहिला नाच माझ्याबरोबर?"

बेरिलची नजर चहाच्या टेबलाकडे लागलेली. तिथं लेन कप मांडत होता. "नाही हो, नको," ती बोलून गेली.

मी कपाळावर हात मारला. तिनंही तोंडावर हात घेतला, पण आता काय उपयोग? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बेकरीवाल्याची सून तर खुर्ची घेऊन धावतच आली. "बसा हं मिस चिव्हर्स, अगदी आरामात बसा!"

मंडळी चांगली आहेत आमची. खाटीक म्हणाला, "जाऊ द्या, एवढं काय!" खुद्द फ्रिपसाहेब म्हणाले, "मी ऐकलंच नाही असं समजा." पण बेरिल हट्टी. "त्या पोरीला बसवलं ना मी? मग मीही बसणार." बसली. पंखा हलवत हसत होती, पण डोळे भरले होते. मला इतका राग आला तिचा, आणि तिच्या नियमांचा, आणि त्या चहा ओतणाऱ्या मुखदुर्बळाचा, की मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"लेन, बेरिलला आज नाचता येणार नाही. तिनं फ्रिपना नकार दिलाय."

त्याच्या हातातली किटली थांबली. "अजिबात नाही? रात्रभर?"

"रात्रभर."

तर या माणसाच्या तोंडावर हसू! मी थापड मारणार होते. त्यानं किटली माझ्याच हातात दिली, कोट ओढून सरळ केला, दोन कप घेतले आणि सगळं सभागृह ओलांडून तिच्यासमोर जाऊन वाकला. अर्धा चहा बशीत.

"बेरिल, तुमच्याशेजारी बसू का?"

"लेन, मला नाचता येणार नाही रे आज."

"कळलं, म्हणून तर आलो. मला नाचता येत नाही हो! कधीच आलं नाही. जवळ आलो आणि तुम्ही नाचायला उठलात तर काय करू, या धास्तीनं टेबलामागे लपायचो."

बेरिल अशी हसली की व्हायोलिनवाल्याचा ताल चुकला. दोघं शेवटपर्यंत तिथंच बसली. मधल्या वेळचे बन खाल्ले, नाचणाऱ्या प्रत्येकाला नावं ठेवली. मी मात्र रात्रभर चहा ओतत होते, आणि मला कुणी विचारलंही नाही!

सोमवारी लेन ॲबरडीनला गेला. शुक्रवारी परत आला. म्हणाला, "बेरिलचा बॉयलर बघायचा राहिला होता."

यंदाच्या नाचाला बेरिल दारातच कावरीबावरी. फ्रिपसाहेब फुगून एका कोपऱ्यात उभे होते, कुणालाच विचारत नव्हते. ही थेट त्यांच्यापुढे गेली.

"मिस्टर फ्रिप, पाया पडते, एकदा विचारा हो मला!"

फ्रिपसाहेबांनी आधी चहाच्या टेबलाकडे पाहिलं, मग भिंतीलगत मांडलेल्या दोन खुर्च्यांकडे. एका खुर्चीवर लेन आधीच येऊन बसला होता. साहेब पायापर्यंत वाकले. "मिस चिव्हर्स, पहिला नाच—"

"नाही!" बेरिल किंचाळली, आणि झगा सावरत रिकाम्या खुर्चीकडे पळाली.