खांद्यावर नको

सुलतान बाजारात आमचं साड्यांचं दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद आहे. मतं मागायला येणारे पुढारी खालूनच हात जोडून जातात. हे गृहस्थ मात्र वर आले. फौजेतून निवृत्त झालेले, डावा पाय गुडघ्याखाली नकली. कठडा धरून चढले, घाम पुसला आणि म्हणाले, "ताई, आधी पाणी द्या. मत नंतर मागतो." माणूस तेलुगू, पण पलटणीतल्या सोबत्यांकडून मराठी शिकलेला.

याआधी ते निवडणुकीत दोनदा पडले होते. "लंगडा क्या मोहल्ला संभालता मियाँ," असं विरोधक चौकात हसून म्हणत. तरी तिसऱ्यांदाही ते घरोघरचे जिने चढले आणि आमदार झाले.

निकालाच्या दुपारी मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली, तेव्हा दुकानातल्या आम्ही सगळ्याजणी खाली उतरलो. कार्यकर्ते त्यांना खांद्यावर घ्यायला धावले. त्यांनी हात वर केला.

"नक्को! खांद्यावरून मला एकदा आणलंय, डोंगरावरून, पाय गेला त्या दिवशी. आज मी चालत जाणार."

मग बँडवाल्यांनी आपणहून चाल संथ केली, ऑटोवाल्यांनी हॉर्न थांबवले आणि सगळी गर्दी त्यांच्या पावलाने चालू लागली. मीही चालले. सदा घाईत असलेला आमचा बाजार कुणासाठी इतका सावकाश चालताना मी पहिल्यांदाच पाहिला, आणि गुलालाने माखलेला तो माणूस सगळ्यांच्या पुढे होता.