पहिल्या सहीचा मान

बाळांनो, कामशेतला बाजाराच्या दिवशी एक माणूस टेबल मांडून सह्या गोळा करतो. निवडून आलेल्यांनी वर्षातून एकदा चौकात उभं राहून लोकांना जाब द्यावा, एवढीच त्याची मागणी. मी सही करायला वाकले, तर त्याने पहिल्या कोऱ्या ओळीवर हलकेच तळहात ठेवला.

"हिच्या खाली करा, मावशी. ही थोरल्या भावाची."

"कुठे आहेत ते?"

"त्योच तर निवडून आलाय! लय चिडलाय, बोलत न्हाई माज्याशी. पर आमच्या घरात पयला मान त्याचाच."

काल भुरभुर पावसात पुन्हा गेले. ओळ कोरीच होती. पण अगदी त्याच्यासारख्याच नाकाचा एक गृहस्थ, तोंड दुसरीकडे फिरवून, त्या कागदांवर छत्री धरून उभा होता.