देवरावभाऊ गाईशी बोलायचे

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत शिकूनही काही जमलं नाही, तेवढं सांभाळून घ्यावं. महिन्यापूर्वी सासूबाई बाहेरून आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. "देवरावभाऊ गेले वो," म्हणाल्या. मी गोठ्यात शेण भरत होते... हात तसेच राहिले.

मूल शहराजवळच्या आमच्या गावात भाऊ जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. मी परक्या माणसाशी बोलत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं, आणि माझ्याऐवजी ते गाईशीच बोलू लागले. ही गाय, चांदी, मी बचत गटाच्या कर्जातून घेतली होती. पावसाळा सरला तसं तिचं दूध आटलं, जबड्याखाली पिशवीसारखी सूज आली. सासूबाईंनी नजर उतरवून तिच्या गळ्यात बिबा बांधला. मी लाडानं तलावाकाठचं ओलं हिरवं गवत आणखीच भरभरून घालू लागले. "विकून टाकू," घरधनी म्हणाले. म्हणजे गोठा रिकामा आणि कर्ज तसंच.

भाऊंनी शेण डबीत तपासायला नेलं. दुसऱ्या दिवशी येऊन चांदीला विचारलं, "काऊन वो, मालकीन तुले कुठचं गवत चारून राह्यली?"

"तलावाचं म्हणून सांग त्यायले," मी दाराआडून चांदीलाच सांगितलं.

"तिले सांग, तिथी गोगलगायी असतेत. त्यायच्यातून निघालेले बारीक किडे गवताले चिकटतेत, गवतासंगं पोटात जातेत. तुया काळजात, म्हंजे लिव्हरात, चपटे जंत बसले. नजर नाई लागली तुले."

"मंग बिबा काढू का?" सासूबाई फणकारल्या.

"राहू द्या बाई, शोभते तिले!"

सुतळीनं छाती मोजून त्यांनी वजनाचा अंदाज काढला, त्या हिशेबानं औषध बांबूच्या नाळीनं पाजलं. औषध दुधात उतरतं म्हणून त्यांनी सांगितले तितके दिवस दूध विकलं नाही. मी धानाच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं कोरडं गवत आणू लागले. सकाळी धुक्यात तलाव दिसायचा नाही, नुसता पाण्याचा वास यायचा... झोपेतच चालल्यासारखं वाटायचं. अशाच एका सकाळी बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज बदलला. आधी पातळ, टिणटिण वाजायचा. आता भरलेला, जड. मी डोळे मिटून ऐकत बसले. कितीतरी वेळ.

गेल्या सोमवारी गटाच्या बैठकीत चांदीच्या दुधाच्या पैशातून शेवटचा हप्ता भरला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आता दोन शब्द बोल." बायका हसल्या. मी उभी राहिले. "देवरावभाऊ..." एवढंच आलं. मग कोणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी गटाच्या वहीत माझ्या पानावर लिहिलं, कर्ज पूर्ण फिटलं.