हाडाची सुई
दातांच्या डॉक्टरांनी मशीन सुरू केलं, घासलेल्या हाडाचा तो ओळखीचा वास नाकात शिरला आणि मी थेट बुरोंडीला, मामाच्या खळ्यात जाऊन पोचले. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. साखरपुडा होऊन माझं लग्न फिसकटलं होतं, म्हणून आईने मला महिनाभर मामाकडे पाठवलं होतं. मामा बोटीवरून सुट्टीवर आलेला. लोखंडाला हात न लावता आदिमानवासारखी हत्यारं करायचा त्याला भारी नाद. "नुसती बसून काय राहिलीस? एक सुई कर," म्हणाला. आदल्या दिवशीच्या मटणातलं स्वच्छ, पांढरं हाड मी उचललं. फुटक्या गारगोटीच्या धारेने खाच पाडून लांबट तुकडा काढला आणि पाणी शिंपडत जांभ्या दगडावर घासत राहिले. माडांच्या सावल्या खळ्यात उतरेपर्यंत टोक सुरेख आलं. पण नेढं पाडताना सुई कट्‌कन मोडली, आणि लग्न फिसकटल्यावरही न आलेलं रडू तेव्हा फुटलं. मामाने समजूत काढली नाही. माझं रडून होईपर्यंत शेजारी बसला. मग म्हणाला, "शिजलेलं हाड असंच मोडतं गो. हे कच्चं घे." दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्या कच्च्या हाडाच्या सुईने मी त्याच्या सदऱ्याचा उसवलेला खिसा शिवला, वाकडातिकडा. तोच सदरा घालून तो ऐटीत दापोलीच्या बाजारात जाऊन आला. "दुखतंय का?" डॉक्टरांनी मशीन थांबवून विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. बरं केलंस मामा, हा प्रश्न तू मला त्या महिन्यात एकदाही विचारला नाहीस.